माझ्याच पायाखाली घसरणारा ब्रेक

ब्रेक खराबच होता. हे मी आधीच सांगून टाकते. त्या दिवसांत हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आणि इतक्या जणांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं, की पुढं पुढं कुणी ‘काय चाललंय’ विचारलं तरी माझ्या तोंडून तेच निघायचं. ब्रेक खराब होता, माझा पाय नव्हे. माझा पाय चांगला ठणठणीत आहे. याच पायांनी मी निम्मी नोकरी एसटीच्या मागं पळत काढली.

शाळेत मी मराठी शिकवते, त्यामुळं बोलणं तसं शुद्ध. पण एकदा डोकं फिरलं की शुद्धबिद्ध राहतं बाजूला आणि आतलं बीड बाहेर येतं. या प्रकरणात ते रोजच येत होतं.

आमचं घर पालीत आणि शाळा लिंबागणेशच्या पुढं, मधे मांजरसुंब्याचा घाट. गाडी हातात येण्याआधी घाटाच्या वरपर्यंत एक एसटी, तिथून पाटोद्याच्या बाजूला दुसरी, आणि ती चुकली की काळीपिवळी. काळीपिवळीत एकदा माझ्या मांडीवर कुणाचं तरी बोकड बसवलेलं. बोकडाचा मालक म्हणाला, बाई, गरीब आहे, काही करत नाही. त्या बोकडानं माझ्या पर्सचा पट्टा खाल्ला. त्या दिवशी घरी येऊन मी जाहीर केलं की मी गाडी शिकणार.

गाडी घरात होतीच. आमच्या ह्यांचं बीडमध्ये बी-बियाणांचं दुकान आहे. दुकानासाठी त्यांनी पिकअप घेतली आणि जुनी पांढरी छोटी गाडी लिंबाखाली उभी राहिली. तिच्या टपावर कोंबड्या बसत. मी बीडला जाऊन ड्रायव्हिंगचा क्लास लावला, लायसन काढलं, टपावरच्या कोंबड्या उठवल्या आणि चावी पर्समध्ये टाकली. ह्यांचा अंदाज होता की बाई शिकेल, हौस फिटेल आणि चावी परत खुंटीवर येईल. अंदाज साफ चुकला.

खरं सांगू का, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. घाट चढून वर आलं की गार वारा लागायचा आणि मला उगाचच हसू फुटायचं. एकटीच हसत गाडी चालवणारी बाई बघून ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, मीही वाजवायची. चाळिशी ओलांडलेली बाई मी, दोन लेकरं पुण्याला शिकायला, आणि सकाळी गाडीकडं जाताना माझी चाल अशी, जशी काही मी सहलीला निघालेय.

घरात तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामांची बैलं एके काळी आख्ख्या पंचक्रोशीत नावाजलेली. पुढं गुडघे गेले तशी शेवटची जोडी विकली आणि दावणीला एक म्हैस राहिली. मामा जुन्या वळणाचे. सुनेशी सरळ बोलायचं नाही, मला काही सांगायचं असलं की म्हशीला सांगायचं. चहा उशिरा झाला तर म्हशीला म्हणणार, आज सूर्य काहून उगवला न्हाई गं? मी स्वयंपाकघरातून ओळखायची. मी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली त्या दिवशी ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते की आता बाया बी गाड्या हाकाया लागल्या, अजून काय काय बघायचं ऱ्हायलंय कुणास ठाऊक. मी काच वर केली आणि निघाले. त्या दिवसापासून माझ्या हिशेबी मामा विरोधी पक्षात.

तर ब्रेक.

आमच्या गल्लीतून निघून गावाबाहेर हायवेला लागतो तिथं पालीचा फाटा. तिथं माझ्या शाळेतल्या दुसऱ्या बाई उभ्या असायच्या. त्या बीडहून रिक्षानं येत आणि पुढं माझ्याबरोबर. एका सकाळी त्या नेहमीसारख्या डबा सांभाळत उभ्या होत्या, मला बघून हात केला, मी ब्रेक दाबला आणि गाडी त्यांच्यासमोरून सरळ निघून गेली. जोरात नाही, आरामात. बाईंचा हात वर तसाच. मी आतून त्यांच्याकडं बघतेय, त्या बाहेरून माझ्याकडं बघताहेत, आणि आमच्यातलं अंतर वाढतंय. मी परत दाबला, परत दाबला, चौथ्या-पाचव्या वेळी जरा पकडला आणि गाडी भज्यांच्या गाड्याच्या पुढं जाऊन थांबली. बाई पळत आल्या. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर रुसलेय.

नंतर दिवसभर ब्रेक झकास. घाट चढले, उतरले, गावात आले, जिथं दाबावा तिथं गाडी खुंट्याला बांधल्यासारखी थांबली. दुसऱ्या दिवशीही काही नाही. मीच म्हटलं, झालं असेल काहीतरी. आणि तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा हात वर करून उभ्या आणि मी पुन्हा त्यांच्यासमोरून पुढं. या वेळी गाडी जरा डावीकडं ओढही घेत होती.

मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी चप्पल सरकवली, गाडी काढली, हायवेला चक्कर मारून आले. म्हणाले, लोण्यासारखा ब्रेक आहे. मी म्हटलं, आता लागतोय, सकाळी लागत नाही. ते म्हणाले, ब्रेकला सकाळ-संध्याकाळ कळते का? आणि मग ते वाक्य, जे पुढं मी रोज ऐकलं. “मी चालवतो तेव्हा कसा लागतो?”

हे चालवायचे तेव्हा खरंच लागायचा.

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी गाडी बीडला मिस्त्रींकडं नेली. भला माणूस. चाकं काढली, पॅड बघितले, पाइप बघितले, ब्रेक ऑइल बदललं, चक्कर मारून आले आणि म्हणाले, मॅडम, एकदम ओके हाय. मी म्हटलं नाही, घसरतो. ते म्हणाले, मग घसरल्यावर लगेच आणा. आता घसरल्यावर लगेच कशी आणणार, शाळेची प्रार्थना कोण घेणार? पुढच्या वेळी त्यांनी पॅडच बदलले. नवे पॅड, नवं ऑइल, आणि सोमवारी मी बाईंच्या समोरून पुन्हा पुढं. आता बाई हात वर करायच्याच नाहीत. मी दिसले की त्या आपल्या आपण भज्यांच्या गाड्याच्या दिशेनं चालू लागत.

आमचे तर्क ऐकाल तर हसाल. बाईंचं म्हणणं, सोमवारीच घसरतो. मग बुधवारी घसरला. मग मला वाटलं, दवानं होत असेल. ज्या दिवशी दव नव्हतं त्या दिवशी घसरला. हे म्हणाले, तू साडी नेसतेस तेव्हा पाय अडकत असेल. मी पंजाबी ड्रेस घालून गेले, तरी घसरला. लाल ड्रेस होता, म्हणून बाई म्हणाल्या की लाल नको, गणपतीला लाल आवडतो पण गाडीला चालत नसेल. लिंबागणेशच्या देवळात आम्ही दोघींनी नारळ फोडला. ब्रेक त्याच्या मनाला येईल तेव्हाच घसरायचा, आणि आम्ही दोघी गाडीत इतक्या हसायचो की पोटात दुखायचं. भीती होती, नव्हती असं नाही. पण भीतीनंच जास्त हसू यायचं.

एक गोष्ट मात्र दोघींच्या लक्षात आली होती. ब्रेक घसरला की भज्यांचा वास यायचा. खमंग, तळणीचा. फाट्यावर भज्यांचा गाडाच होता, त्यामुळं आम्ही त्यात काही विशेष मानलं नाही. उलट बाईंना भूक लागायची आणि पुष्कळदा आम्ही तिथंच एक प्लेट बांधून घ्यायचो. भजेवाल्याला वाटायचं मी त्याच्या भज्यांसाठी इतक्या पुढं येऊन थांबते.

बहुतेक संध्याकाळी घरी आले की मी अंगणातच सुरू व्हायची. आजही घसरला, आज जास्तच घसरला, कुणाचा जीव जाईल तेव्हा तुमचे डोळे उघडतील. ह्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. मामा दावणीपाशी बसून ऐकायचे आणि म्हशीलाही काही बोलायचे नाहीत.

मग ते कडब्याचं झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेजाऱ्यांनी कडब्याची गंज रचली होती. सकाळी निघाले, वळणावर पोरं सायकली घेऊन आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि ब्रेक म्हणजे नुसता नावाला. पोरं वाचवायला मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी अलगद कडब्यात शिरली. पार दारांपर्यंत. मला काही झालं नाही, गाडीला काही झालं नाही, पण बाहेर पडायला दार उघडेना. सगळी गल्ली जमली. कुणी म्हणालं, बाईनं गाडीला चारा घातला. शेजाऱ्यांची म्हैस येऊन बॉनेटवरचा कडबा खाऊ लागली. मी आत बसून रडावं की हसावं या विचारात हसायला लागले, आणि ते हसणं काचेतून बघून लोकांची खात्री पटली की हिला डोक्याला मार लागलाय.

त्या रात्री जेवताना हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी तोंडाला तोंड दिलं असतं. शांतपणे म्हणाले, मिस्त्रीनं सगळं बघितलं, मी चालवून बघितली, गाडीत दोष नाही. दोष तुझ्यात आहे असं मी म्हणत नाही, पण माणसाला एखादी गोष्ट जमत नाही. रविवारपर्यंत बघ. दोष सापडला तर ठीक, नाही तर चावी माझ्याकडं दे आणि आपली एसटी बरी.

गाडी जाईल याचं दुःख होतंच, त्या घाटावरच्या वाऱ्याचं होतं. पण त्याहून लागलं ते दुसरंच. मी इतके दिवस एक गोष्ट ओरडून सांगतेय आणि माझ्या घरातलं एक माणूसही ती खरी मानत नाही. मामा ताट तसंच ठेवून उठले. मी मनात म्हटलं, उठा, तुमच्या मनासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर ब्रेक घसरला आणि तो वास आला. बाई आत बसल्या, म्हणाल्या, आज दोन प्लेट घेऊ, चावी जायच्या आधी. आम्ही मान वळवली तर भज्यांचा गाडाच नव्हता. भजेवाला कुणाच्या लग्नाला गेलता म्हणे. गाडा नाही, कढई नाही, आणि वास असा की तोंडाला पाणी सुटावं.

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मी खाली उतरले, वास घेत घेत गाडीभोवती फिरले आणि पुढच्या उजव्या चाकापाशी गुडघ्यावर बसले. हायवेवरून जाणारी येणारी माणसं बघत होती, सातवीच्या वर्गाला शिकवणारी बाई चाकाला नाक लावून हुंगतेय. मला त्याची पर्वा नव्हती. चाकाचं प्लास्टिकचं झाकण कधीच पडून गेलं होतं, भोकांतून आतली ब्रेकची चकती दिसायची. त्या चकतीवरून बारीक धूर निघत होता आणि वास करडईच्या तेलाचा होता. आमच्या घरच्या करडईचा, आम्ही घाण्यावरून काढून आणतो तो. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. चाकाच्या मधोमध बोट फिरवलं तर बोटाला तेल आणि पिवळी हळद.

बाई म्हणाल्या, कुणीतरी करणी केलीय. मी म्हटलं, करणी करणारा घाण्याचं तेल वापरत नाही, परवडत नाही त्याला.

शाळेत दिवसभर माझं चित्त नव्हतं. पण गणित सुटायला लागलं होतं. तेल सकाळी पडत असणार. पहिल्या दोन-चार ब्रेकला चकती तेलकट असते म्हणून गाडी थांबत नाही, मग ती तापते, तेल जळून जातं, आणि पुढं दिवसभर ब्रेक ठीक. म्हणून संध्याकाळी ह्यांना काही सापडायचं नाही, म्हणून मिस्त्रींना सापडायचं नाही. सगळं जुळत होतं, कोण हे सोडून. आणि माझ्या मनात एकच नाव होतं. माझं डोकं असं तापलं होतं की त्यावर भजी तळता आली असती. मला गाडी चालवू द्यायची नाही म्हणून म्हातारा माणूस या थराला जातो?

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागं जाऊन बसले. म्हशीनं माझ्याकडं बघून कान हलवले. मी तिला हातानंच गप राहा म्हटलं. उजाडता उजाडता मामा आले, आंघोळ करून, कपाळाला गंध, हातात वाटी. लिंबाखाली गेले. गुडघे धरत धरत, भिंतीला हात लावत, गाडीच्या पुढच्या चाकापाशी खाली बसले. त्या गुडघ्यांनी ते देवापुढंही बसत नाहीत, खुर्ची घेतात.

वाटीतलं तेल त्यांनी चाकाच्या मधोमध ओतलं आणि बोटांनी चोळलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी करतात, तेल-तूप आणि हळद लावून खांदे मळतात, वर्षभर जू ओढून शिणलेले असतात म्हणून. अगदी तसंच. मग त्या चाकाशी ते बोलायला लागले, हळू आवाजात.

“लेकरू एकटं जातंय. घाट हाय, ट्रका हायत. नीट ने बाबा, नीट आण. तिला काई करू नको.”

उजवं झालं, मग सरकत सरकत डाव्याकडं गेले. तिथं पोचेपर्यंत वाटीत थोडंच तेल उरलं होतं. डावं चाक जास्त धरायचं, म्हणून गाडी डावीकडं ओढ घ्यायची.

मी तिथं पेंढ्यांमागं तोंडात पदर कोंबून बसले होते. हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही. जोरात आलं होतं एवढं खरं. आणि हळूहळू सगळा घोळ ध्यानात आला. मी संध्याकाळी अंगणात ओरडायची की ब्रेक घसरतो, जीव जाईल. ते ऐकून मामांच्या जिवाला घोर लागायचा आणि सकाळी ते आणखी तेल घालायचे. जितका ब्रेक घसरेल तितकं तेल, आणि जितकं तेल तितका ब्रेक घसरणार. सुरुवातीला त्यांनी आपल्याच मनानं घातलं असणार, पण पुढं ज्या दिवशी मी गप्प, त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रेक ठीक. ह्यांच्यासाठी त्यांनी कधी थेंबसुद्धा घातला नव्हता. विरोधी पक्ष म्हणे! मी कपाळावर हात मारून घेतला.

पण आता करायचं काय? ह्यांना सांगावं तर ह्यांच्या तोंडून ते मामांवर आदळणार, आणि हे रागात बोलायला लागले की पुढचं-मागचं बघत नाहीत. न सांगावं तर रविवारी चावी जाणार, आणि मी आयुष्यभर ब्रेक न जमणारी बाई. गुपचूप चाकं पुसून निघावं हेही मनात आलं. पण ह्यांना दोष काय होता ते हवंच होतं. आणि तेल थांबलं नाही तर आज कडबा, उद्या आणखी काही. मामांना कळलं असतं की आपण ज्या चाकाला साकडं घालतो त्यालाच आपण निसरडं करतो, तर त्यांचं काय झालं असतं? हाच विचार करत मी त्या दिवशी चाकं धुतली आणि शाळेला गेले.

शनिवारी दुपारी घरात मी आणि मामा दोघंच होतो. मी चहा घेऊन गोठ्यात गेले. डोक्यावर पदर घेतला आणि कधी नव्हे ते म्हशीच्या पलीकडं उभी राहिले. तोंड म्हशीकडं करून सुरुवात केली, कारण आमच्या घरात बोलण्याची रीतच ती. म्हटलं, बैलगाडीला आख असतो, त्याला वंगण लागतं. या गाडीचं चाक वेगळं असतं. तिथं एक चकती असते, तिला चिमट्यात धरलं की गाडी थांबते. चकतीला तेल लागलं तर ती चिमट्यातून सुटते. एवढं सांगितलं आणि पुढचं मला सांगवेना.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. मग एवढंच म्हणाले की मिस्त्री बी तेलच घालतो की. मी म्हटलं, ते आत घालतात, बाहेर नाही. त्यांनी मान हलवली. आणि मग लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघून, मला, सरळ विचारलं.

“मंग मीच तुला पाडीत होतो व्हय?”

मी म्हटलं, नाही मामा, कडब्यातच तर गेले. त्यांना हसू आलं नाही. मी विचारलं की तुमच्या मुलाच्या गाडीला का नाही घातलं कधी. तर म्हणाले, त्यो ल्हानपणापासून माझ्याशेजारी बसून हाकाया शिकला. “तुझ्या शेजारी कोण हाय? म्हून चाकाला सांगत होतो.”

मी तिथून निघून स्वयंपाकघरात आले आणि डब्यात पीठ नसतानाही चाळणी हलवत बसले.

मामांनी रात्री ह्यांना स्वतःच सांगितलं. मला वाटलं होतं आडून आडून सांगतील, म्हशीचा विषय काढतील. पण त्यांनी भाकरी मोडता मोडता सरळ सांगितलं की बिरेकला तेल मी घालत होतो, तिचा पाय चांगला हाय, ती म्हणत होती ते खरं होतं. हे तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं, मग वाटीतल्या आमटीवरच्या तेलाकडं. ओरडायचं त्यांना सुचलंच नाही. पण नवराच तो, एवढ्यानं हार कसा मानेल. म्हणाले, ठीक आहे, तेलाचं कळलं, तरी उद्या ती घाटातून गाडी कशी आणते ते मी शेजारी बसून बघणार, मग चावीचं ठरवू.

रविवारी सकाळी मी गाडी काढली. चाकं कोरडी होती, मीच पुसली होती. ह्यांनी पुढचं दार उघडलं तर मामा काठी टेकत आले आणि त्यांना बाजूला सारून माझ्याशेजारी बसले. आमच्याकडं सासरा सुनेच्या शेजारी बसत नाही. हे काही म्हणायच्या आत मामांनी दार ओढून घेतलं. ह्यांना मागं बसावं लागलं.

घाट चढलो. वरून गाडी वळवली आणि उतरायला लागलो. मागून हे बोलायला लागले. गिअर कमी कर, ट्रकच्या इतकं जवळ नको, आरसा बघ, पाय कुठंय तुझा. मी दात आवळून बसले होते. मामा काठी गुडघ्यांत धरून समोर बघत होते आणि त्यांचा उजवा पाय, ज्या गुडघ्यानं त्यांना उठता येत नाही तो, खाली चटईवर दाबून ठेवलेला होता.

खालच्या वळणावर धनगराच्या मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या. लांब होत्या, मी वेग कमी करतच आणला होता. मागून हे ओरडले, अगं दाब, आत्ता दाब, हँडब्रेक ओढ. माझा हात हँडब्रेककडं गेला. तेवढ्यात मामांनी मान न वळवता काठीचं टोक मागं सीटवर आपटलं.

“गप बस. हाकणाराला मधी बोलू न्हाई.”

गाडीत एवढी शांतता झाली की मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. हाकणारा म्हणाले ते मला. बैलजोडी हाताशी असताना मामांनी हा शब्द फक्त स्वतःसाठी वापरलेला मी ऐकला होता, पोरासाठीसुद्धा कधी नाही. माझे डोळे इतके भरून आले की मेंढ्या दिसेनात, रस्ता दिसेना, काहीच दिसेना. मी पाय दाबला. गाडी थांबली.